चाल कोणाची?

गोंदियात १४ एप्रिलच्या रात्री आमच्या वस्तीत भीमगीतांचा सामना रंगे. हार्मोनियम, ढोलकी, आणि चाल बहुधा सिनेमातली. प्रेयसीच्या जागी बाबासाहेब येत. ‘उसनी चाल’ म्हणून प्रस्थापित समीक्षक नाक मुरडीत. कॉलेज शिकून आल्यावर मीही मुरडले, हे कबूल केले पाहिजे.

पुढे ‘बॉडी अँड सोल’चा इतिहास वाचनात आला. १९३० सालचे हे विरहगीत. संगीत जॉनी ग्रीनचे, शब्द तिघांचे; चौघेही गोरे. त्याच वर्षी लुई आर्मस्ट्राँगने ते ध्वनिमुद्रित केले. मग पाच वर्षे युरोपात काढून परतलेल्या कृष्णवर्णीय कोलमन हॉकिन्सने ११ ऑक्टोबर १९३९ रोजी न्यूयॉर्कमध्ये ते टेनर सॅक्सोफोनवर वाजवले. मूळ चाल तो आरंभी जेमतेम सुचवतो. खालचा स्वरसंगतीचा सांगाडा तेवढा जुना. वरची तीन मिनिटे त्याची स्वतःची, तिथल्या तिथे सुचलेली. पुढच्या वादकांनी ती घोकली. गाणे जाझचे झाले. कायद्याने मात्र रचना त्या चौघांचीच राहिली. हॉकिन्सने केले ते निव्वळ ‘वादन’.

त्याने शब्द सोडून चाल बदलली, आमच्या गायकांनी चाल ठेवून शब्द बदलले. फरक लहान नाही. पण १९५४ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक (गोंदिया तेव्हा त्याच जिल्ह्यात होते) आणि तीत झालेला बाबासाहेबांचा पराभव मला प्रथम कळला तो अशाच एका गाण्यातून.

त्या काळची एकच वही मला मिळाली आहे. प्रत्येक गीतावर ‘चाल’ म्हणून सिनेमाचे नाव आहे. रचणाऱ्याचे नाही.