औषधांची समध्वनी नावे आणि न्यायालयाने कल्पिलेला ग्राहक : मुंबईतील व्यापारचिन्ह विवादांचा आढावा

प्रस्तावना :
गिरगावातील चाळकरी असो वा लालबाग-परळचा गिरणी कामगार, औषधाच्या दुकानात तो औषध नावानेच मागत असे. नाव इंग्रजी वळणाचे, उच्चार मराठी आणि चिठ्ठीवरील अक्षर डॉक्टरांचे. यांत चुकीला वाव राहतोच. १९४० च्या व्यापारचिन्ह कायद्यानंतर मुंबईत नोंदणी कार्यालय उभे राहिले. प्रिन्सेस स्ट्रीटची औषधपेठ आणि उच्च न्यायालयही याच शहरात असल्याने या विषयातील काही पायाभूत विवाद येथेच उद्भवले. अशा विवादांत कंपन्या परस्परांविरुद्ध उभ्या राहतात. रुग्ण मात्र पक्षकार नसतो. म्हणूनच न्यायालयाने त्याची कल्पना कशी केली, हे तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

सामान्य ग्राहकाचा कान :
'ग्लुकोव्हिटा' ही जीवनसत्त्वयुक्त ग्लुकोज भुकटी आणि 'ग्लुव्हिटा' ही बिस्किटे यांचा वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५९ च्या निर्णयात न्यायालयाने सरासरी बुद्धीच्या आणि अपुऱ्या स्मरणाच्या ग्राहकाचा निकष लावला. बहुसंख्य भारतीयांना इंग्रजी शब्द परके असल्याने मधल्या 'को' या अक्षराने दोन नावांतील भेद त्यांच्या लक्षात येणार नाही, असे ठरवून 'ग्लुव्हिटा'ची नोंदणी नाकारण्यात आली. वस्तू औषध नसली, तरी येथे निर्णायक ठरला तो ग्राहकाचा कान.

औषधविक्रेत्यावरील भिस्त :
दहा वर्षांनी चित्र पालटले. हॉफमन-ला रोश या स्विस कंपनीचे 'प्रोटोव्हिट' आणि मुंबईच्या जेफ्री मॅनर्स कंपनीचे 'ड्रॉपोव्हिट' ही दोन्ही जीवनसत्त्वांची औषधे होती. 'ड्रॉपोव्हिट'च्या नोंदणीसाठी १९५७ मध्ये अर्ज झाला होता. ती नोंद रद्द करण्याची रोशची मागणी मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. 'व्हिट' हा अंत्यघटक जीवनसत्त्वांच्या औषधांत सर्रास आढळतो, म्हणून आरंभीच्या भागांतील भेद महत्त्वाचा मानला गेला. शिवाय असे औषध परवानाधारक विक्रेत्याकडून घेतले जात असल्याने गफलतीची शक्यता कमी, असेही कारण देण्यात आले. ग्राहकाच्या कानाऐवजी न्यायालयाने विक्रेत्याच्या जाणतेपणावर भिस्त ठेवली.

रुग्णाचे पुनरागमन :
२००१ मध्ये गुजरातमधील कॅडिला नावाच्या दोन कंपन्यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने ही भिस्त सैल केली. 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' ही दोन्ही औषधे मेंदूवर परिणाम करणाऱ्या हिवतापावरची. परंतु एकात आर्टेसुनेट, तर दुसऱ्यात मेफ्लोक्विन होते. डॉक्टर आणि औषधविक्रेतेही चुकू शकतात आणि औषधातील चूक जिवावर बेतू शकते. म्हणून औषधनामांना अधिक कठोर कसोटी लावावी, असे न्यायालयाने म्हटले. देशातील भाषावैविध्य आणि इंग्रजी न जाणणाऱ्यांची संख्या यांचीही दखल घेण्यात आली. १९५९ चा ग्राहक आता रुग्ण म्हणून परतला होता.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये 'कॅन्डिड-बी' आणि 'क्लोडिड-बी' या मलमांच्या वादात प्रतिवादी गॅल्फा लॅबोरेटरीजवर दीड कोटी रुपयांचा खर्च बसविला. औषधे म्हणजे मिठाई नव्हे, असे न्यायालयाने या वेळी बजावले. ही रक्कम केरळच्या पूरग्रस्तांसाठी मुख्यमंत्री साहाय्यता निधीत भरण्याचा आदेश झाला.

निष्कर्ष :
१९५९, १९६९ आणि २००१ या तीन टप्प्यांवर कायद्याचे मूळ तत्त्व फारसे बदलले नाही. बदलली ती ग्राहकाविषयीची गृहीतके. नोव्हेंबर २०१९ च्या नियमदुरुस्तीने, आपल्या औषधाचे नाव बाजारातील अन्य औषधाशी गफलत घडविणारे नाही, असे हमीपत्र परवाना मागणाऱ्या उत्पादकाकडून घेण्याची तरतूद झाली. मात्र हे हमीपत्र उत्पादक स्वतःच, स्वतः केलेल्या शोधाच्या आधारे देतो. त्यामुळे दुकानाच्या फळीपुढे उभ्या असलेल्या रुग्णाचे हित पुष्कळदा प्रतिस्पर्धी कंपनीने दावा दाखल करण्यावरच अवलंबून राहते. नावाची मालकी कंपनीची असली, तरी त्याच्या उच्चारातील चुकीची किंमत रुग्णाला मोजावी लागते. म्हणून औषधनामांची पूर्वतपासणी हा केवळ व्यापारचिन्ह कायद्याचा नव्हे, तर सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानला पाहिजे.