बरगीच्या जलाशयातून दिसणारी कारकीर्द

दिग्विजय सिंह डिसेंबर १९९३ ते डिसेंबर २००३ अशी सलग दहा वर्षे मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री होते. या दीर्घ कारकिर्दीचे मोजमाप बहुधा पंचायत राज आणि २००३च्या पराभवातली वीज-रस्त्यांची नाराजी यांवर होते. जबलपूरजवळचे बरगी त्याहून नेमका निकष देते. नर्मदेवरचे हे धरण १९९०मध्ये पूर्ण झाले आणि जबलपूर, मंडला, सिवनी जिल्ह्यांतली १६२ गावे बाधित झाली. १९९४मध्ये त्यांच्या सरकारने जलाशयातील मासेमारीचा हक्क विस्थापितांच्या सहकारी संघाला दिला. १९९६मध्ये तवा जलाशयातही हेच धोरण आले.

यावर आक्षेप असा की हे यश नेत्याचे नव्हे, विस्थापितांच्या लढ्याचे. ते बव्हंशी खरेच. मागणी लोकांचीच होती. पण आंदोलनाशी वाटाघाट करायची की लाठी उगारायची, हे सत्ता ठरवते, म्हणून श्रेयाचा काही वाटा तिचाही. उणीव मात्र पुढची: हा हक्क कायद्याने नव्हे, कराराने मिळाला होता. २००६मध्ये तव्याच्या कराराचे नूतनीकरण झाले नाही, तेव्हा ती उघडी पडली. दहा वर्षे हाती असलेल्या नेत्याने सवलतीचे अधिकारात रूपांतर करायला हवे होते.