बीडची भाकर आणि आतड्याचा कर्करोग

कोणत्याही प्रांताचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे राजवटी, लढाया, देवस्थाने आणि दुष्काळ ह्यांची माहिती सहज हाती लागते. परंतु त्या प्रांतातील माणसे रोज काय खात, किती राबत आणि कोणत्या दुखण्याने मरत, हे शोधू लागले की बखरी व दप्तरे मुकी होतात. बीड जिल्ह्याचेही तसेच आहे. अंबाजोगाईचे मुकुंदराज व दासोपंत, निजामाचा अंमल आणि १९४८ साली झालेली त्याची अखेर, हे सारे आपणांस ठाऊक असते. पण बालाघाटाच्या माळावर आणि गोदाकाठच्या काळ्या रानात पिढ्यान्‌पिढ्या जी ज्वारीची भाकर भाजली गेली, तिचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. त्याची काही पाने एका अगदी अनपेक्षित ग्रंथात उतरली आहेत. तो ग्रंथ म्हणजे कर्करोगाची नोंदवही होय.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या कर्करोग-नोंदणीचा अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला. वयोमानातील तफावत हिशेबात घेऊन काढलेले त्यातील आकडे असे : मिझोराममधील ऐजॉल जिल्ह्यात दर लाख पुरुषांमागे वर्षाला २६९.४ नवे रोगी. अरुणाचलातील पापुम पारे जिल्ह्यात दर लाख स्त्रियांमागे २१९.८. यादीच्या दुसऱ्या टोकास उस्मानाबाद व बीड ही जोडी आहे. तेथे पुरुषांत ३९.५ आणि स्त्रियांत ४९.४, म्हणजे नोंदलेल्या सर्व क्षेत्रांत सर्वांत कमी. हे आकडे सर्व प्रकारच्या कर्करोगांचे आहेत. त्यांपैकी मोठे आतडे व गुदाशय ह्यांच्या कर्करोगाचाच विचार आम्ही येथे करणार आहोत. कारण माणसाच्या ताटाशी व दिनक्रमाशी ज्यांचा संबंध अगदी निकटचा ठरला आहे, अशा कर्करोगांत ह्याची गणना होते. जगात २०२० साली ह्या रोगाचे एकोणीस लाखांच्या आसपास नवे रोगी झाले. युरोपातील कित्येक देशांत लाख पुरुषांमागे तीस-चाळीसांस तो गाठतो. आपल्या देशात संशोधन परिषदेने दिलेले प्रमाण पुरुषांत मोठ्या आतड्यासाठी ४.४ आणि गुदाशयासाठी ४.१ असे आहे. आणि आपल्या शहरांशी तुलना करता मराठवाड्याच्या कडेवरील खेड्यांत तो त्याहूनही विरळ आढळला आहे.

ही गोष्ट अभिमानाची मानावी काय? उत्तर देण्यापूर्वी ही नोंद झाली कशी ते पाहिले पाहिजे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. परंतु रुग्णालयात आलेले रोगी मोजणे निराळे आणि एखाद्या प्रदेशातील एकूणएक रोगी मोजणे निराळे. रुग्णालयात जो येऊ शकतो तोच येतो. दुसऱ्या प्रकारची मोजणी इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईत आरंभिली, आणि राष्ट्रीय कार्यक्रमाखाली १९८२ पासून ती इतर शहरांतही होऊ लागली. खेड्यांची पहिली नोंदणी मात्र १९८७ साली बार्शीस सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके तिच्या कक्षेत होते. भूमच्या पलीकडे बीडची हद्द लागते. माती, माणसे आणि भाकर ह्यांत तेथे काही अंतर पडत नाही. येथे कारकुनाने मेजाशी बसून काम भागण्यासारखे नव्हते. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव हिंडत, लोकांस रोगाची चिन्हे समजावून देत, आणि संशय येईल त्यास बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात तपासणीस धाडीत. पुढे ही मोजणी उस्मानाबाद व बीड ह्या जिल्ह्यांपर्यंत पोचली.

येथे चिकित्सक वाचक अशी शंका घेईल की, जेथे डॉक्टर कमी तेथे रोग कमी दिसणारच. शंका रास्त आहे, आणि तिचा काही अंश शिल्लक राहील हेही आम्ही मान्य करतो. तथापि त्याच नोंदवहीत त्याच खेड्यांतील स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर सापडला. तोही शरीराच्या आतच असतो आणि लाजेपोटी तोही लपविला जातो. जी दृष्टी एक आंतरिक रोग भरपूर पाहू शकली, ती दुसऱ्याबाबत अगदीच आंधळी होती असे म्हणता येत नाही. तेव्हा आतड्याचा रोग येथे खरोखरच कमी होता, असे मानण्यास पुरेसा आधार आहे.

आता तो कमी का? आहारावरून लोकांचे आरोग्य ताडण्याचा प्रयत्न आपल्या देशात जुना आहे. १९२० नंतरच्या दशकात रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन ह्यांनी कुन्नूर येथे पांढऱ्या उंदरांना निरनिराळ्या प्रांतांतील लोकांचा आहार चारून पाहिला. शीख आहारावरील उंदीर सरासरी २३५ ग्रॅम भरले, पठाणी आहारावरील २३०, मराठा आहारावरील २२५, आणि सडलेल्या पांढऱ्या तांदळाच्या मद्रासी आहारावरील अवघे १५५. ह्या प्रयोगाचा कर्करोगाशी संबंध नव्हता. पण धान्याचा कोंडा काढून टाकला म्हणजे त्यासोबत आरोग्यही पाखडले जाते, हा विचार त्यातून रुजला.

तोच विचार कर्करोगाला लावण्याचे श्रेय प्रामुख्याने डेनिस बर्किट ह्या आयरिश शल्यवैद्याकडे जाते. युगांडात अनेक वर्षे शस्त्रक्रिया करूनही आतड्याचा कर्करोग त्यांस क्वचितच भेटला, आणि इंग्लंडात तर तो घरोघरचा. १९७१ साली त्यांनी असे प्रतिपादिले की, आफ्रिकेतील खेडूत भरपूर चोथ्याचे अन्न खातो, ते दीड दिवसाच्या आत शरीराबाहेर पडते. मैद्याची पाव-बिस्किटे खाणाऱ्या इंग्रजाच्या आतड्यात ते तीन-तीन दिवस रेंगाळते, आणि अपायकारक द्रव्यांना आतड्याच्या अस्तराशी सलगी करण्यास अवधी मिळतो. त्याआधीच, १९६८ साली, हेन्झेल व कुरिहारा ह्यांनी दाखविले होते की, जपानात विरळ असलेला हा रोग अमेरिकेत स्थायिक झालेल्या जपानी लोकांत तेथील पातळीकडे चढत जातो. रक्त तेच, देश व ताट मात्र पालटलेले. पुढे खुद्द जपानातही राहणी बदलली, आणि रोगही वाढला.

शास्त्राचा मार्ग मात्र सरळ नसतो. २००० साली अमेरिकेत सुमारे दोन हजार लोकांना चार वर्षे चोथ्याचा आहार देऊनही आतड्यातील गाठी पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण घटले नाही. उलट २००३ साली युरोपातील दहा देशांच्या पाच लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीत, सर्वांत जास्त चोथा खाणाऱ्यांत हा रोग सुमारे चतुर्थांशाने कमी दिसला. २०१५ साली एक फारच बोलका प्रयोग झाला. पिट्सबर्गमधील वीस आफ्रिकी-अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेतील वीस खेडूत ह्यांच्या ताटांची दोन आठवडे अदलाबदल करण्यात आली. अमेरिकनांचा रोजचा चोथा १४ ग्रॅमवरून ५५ वर गेला, खेडुतांचा ६६ वरून १२ वर उतरला. आणि एवढ्या अल्प काळात दोन्ही गटांच्या आतड्यांतील धोक्याची चिन्हे परस्परांशी बदलली. ह्याचे कारण असे की, चोथा नुसता झाडूसारखा आतडे झाडून काढीत नाही. आतड्यातील सूक्ष्म जंतू त्यावर पोसतात आणि लोण्यात सापडणारे ब्युटिरिक आम्ल तयार करतात. त्यावर आतड्याच्या अस्तराचे पोषण होते. दोन आठवड्यांत कोणास कर्करोग होत नाही किंवा बराही होत नाही, हे खरे. परंतु जमीन कशी तयार होते ते त्यात दिसले.

चोथ्याखेरीज इतर कारणेही आता पक्की झाली आहेत. लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेने २०१५ साली खारविलेले, धुरविलेले व डबाबंद मांस निश्चित कर्करोगकारक ठरविले. रोज ५० ग्रॅम असे मांस खाणाऱ्याचा आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. मद्य, तंबाखूचे धूम्रपान, स्थूलता आणि बैठे जीवन हीही ह्या रोगाची सिद्ध कारणे होत. उलट अंगमेहनत आणि कोंड्यासकट खाल्लेले धान्य ही संरक्षक ठरतात.

ह्या कसोट्यांवर बीडचे जुने जीवन ताडून पाहावे. जात्यावर दळलेले न चाळलेले ज्वारीचे पीठ, हिवाळ्यात बाजरी. सोबत तुरीचे वरण अथवा हरभऱ्याचे पिठले, जवसाची किंवा कारळ्याची चटणी, अंबाडी, तांदुळजा, करडईची पालेभाजी, असेल तर ताक. मांस सणावारी किंवा जत्रेला. सकाळपासून रानात कष्ट, पाण्यासाठी पायपीट, बाजारालाही चालत. एखाद्या पाश्चात्त्य पंडिताने आतड्याच्या आरोग्यासाठी जो दिनक्रम आखून दिला असता, तो ह्या लोकांस आपोआप लाभला होता.

परंतु ह्यास पूर्वजांचे शहाणपण म्हणून गौरविणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. हे ताट निवडलेले नव्हते. ते लादलेले होते. ज्याला गहू परवडे तो गहू खाई, आणि पोळी हे प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई. १९७२ च्या दुष्काळात तर ज्वारीही दुरापास्त झाली. परदेशातून आलेली लाल मिलो आणि दुष्काळी कामावरची सुकडी ह्यांवर लोकांनी खडी फोडीत दिवस काढले. आजही दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातील मोठा कष्टकरी वर्ग कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या उसाच्या फडांत जातो. त्याच्या अंगमेहनतीला व्यायाम म्हणणे ही थट्टा होईल. शिवाय त्याच श्रमांच्या जोडीला तंबाखू आणि मिसरी येते, आणि ती मुखाच्या कर्करोगास आमंत्रण देते. दारिद्र्याने एक रोग दूर ठेवला असेल, पण गर्भाशयमुखाचा रोग त्याच दारिद्र्याने पदरात घातला.

आता हे लादलेले ताट झपाट्याने बदलत आहे. रब्बी ज्वारीच्या रानात सोयाबीन आणि कापूस आला. स्वस्त धान्याच्या दुकानातून मुख्यतः गहू आणि तांदूळ मिळू लागला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याचा दर किलोस एक रुपया, म्हणजे सर्वांत कमी, लिहिलेला होता. पण ते धान्य दुकानात क्वचितच दिसले. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरड धान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, तोवर चांगली शाळू ज्वारी बाजारात कित्येकदा गव्हाहून महाग झालेली होती. खेड्याच्या चौकात बिस्किटे, वडापाव, गोड पेये आणि दारू ही सारी हजर आहेत. आणि सुशिक्षित घरांत तर शरीराला काम म्हणून उरलेले नाही. हा रोग कमी असण्याची आमची पुंजी आम्ही मिळविलेली नव्हती. म्हणूनच ती खर्ची पडताना आम्हांस दिसतही नाही. आतड्यातील लहान गाठीचे कर्करोगात रूपांतर होण्यास बहुधा दहा किंवा अधिक वर्षे लागतात. आजच्या ताटाचा हिशेब उद्याच्या नोंदवहीत उतरेल.

दुसरी एक गोष्ट ह्याहून तातडीची आहे. कमी असणे म्हणजे नसणे नव्हे. टाटा स्मारक रुग्णालयात २०१३ व २०१४ ह्या वर्षांत आलेल्या आठशे रोग्यांची पाहणी झाली, तेव्हा त्यांचे सरासरी वय सत्तेचाळीसच्या आसपास निघाले. पाश्चात्त्य देशांत हा प्रामुख्याने साठी उलटलेल्यांचा रोग समजला जातो. आपल्याकडे शौचावाटे रक्त पडले की मूळव्याध असे नाव देऊन मोकळे होण्याची रीत आहे. मग झाडपाला, चूर्णे, वैदूचे उपाय. लाजेने घरातही बोलणे नाही. आणि महिने उलटतात. पुष्कळदा ती मूळव्याधच असते, हे खरे. पण रक्त, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, विनाकारण घटणारे वजन किंवा पंडुरोग ही चिन्हे दिसताच डॉक्टरकडून तपासणी करून घेतली, जरूर तर दुर्बिणीने आतडे पाहून घेतले, तर हा रोग आरंभी बरा होण्याजोगा आहे. समजावून सांगितल्याने काय साधते, तेही बार्शीनेच दाखविले आहे : गावोगाव माहिती पोचल्यावर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचारास येऊ लागल्या. जे एका रोगाबाबत घडले ते दुसऱ्याबाबत घडू नये असे काही नाही.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नास आमचे उत्तर असे : बीडचा तो आकडा अभिमानाचा नाही आणि लाजेचाही नाही, तो एका ठेवीची पावती आहे. आमच्या आजोबा-पणजोबांनी जी भाकर नाइलाजाने खाल्ली, ती आता आम्ही समजून-उमजून खावयाची आहे; त्यांचे दैन्य, तंबाखू आणि दुखणे लपविण्याची सवय मात्र मागे टाकावयाची आहे. आणि ज्यांच्या शेतात ती ज्वारी पिकते व ज्यांच्या कोपीत ती भाकर भाजली जाते, त्यांनाच ती महाग होऊ नये, एवढी तजवीज राज्यकर्त्यांनी केली पाहिजे. नाहीतर पुढील पिढीचा इतिहासकार तीच नोंदवही उघडील आणि बीडचे नाव यादीच्या तळापासून वर सरकलेले त्यास आढळेल.