दुचाकीवरील ध्वनिक्षेपकाची कुळकथा

दूरच्या प्रवासाची भारदस्त मोटारसायकल घरी आली की कारखान्याने बसवून दिलेले स्पीकर उतरवून त्यांच्या जागी अधिक दमदार जोडी चढविणे, हा अमेरिकेतील हौशी स्वारांत जवळजवळ कुलाचारच होऊन बसला आहे. आणि या कुलाचाराची वंशावळ शोधू गेल्यास तिचे मूळ संगीताच्या शौकापेक्षा वारा अडविण्याच्या खटपटीतच अधिक सापडते.

ध्वनिक्षेपकाचे घराणे तसे जुने. १९१५ च्या नाताळात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनापाशी मोठ्या जमावाला त्याचा प्रत्यय दिला. १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी चुंबक, तारेचे वेटोळे आणि कागदी शंकू यांची जी रचना सिद्ध केली, तीच तत्त्वतः आजही कायम आहे. १९३० च्या सुमारास पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने रेडिओ मोटारीत नेला. परंतु मोटारीला छप्पर होते, काचा होत्या, आणि उघड्या दुचाकीवर हे नाजूक यंत्र ठेवावे तरी कोठे, हा पेच मात्र पुढे बरीच वर्षे तसाच राहिला.

तो सोडविला फेअरिंगने, म्हणजे दुचाकीच्या पुढ्यात वारा अडविणाऱ्या कवचाने. इलिनॉयमधील क्रेग व्हेटर यांनी १९७१ मध्ये स्वाराच्या छातीवरचा वारा-पाऊस परतविण्यासाठी ‘विंडजॅमर’ नावाचे कवच बाजारात आणले. १९७४ साली कोलोनच्या प्रदर्शनात प्रकट झालेली होंडाची ९९९ सीसीची गोल्ड विंग अशा कवचाविना, उघडीच होती. स्वारांनी पदरमोड करून तिला कवच आणि सामानाच्या पेट्या जोडल्या, आणि रयतेची ही तजवीज पाहून कंपनीने गोल्ड विंगच्या १९८० च्या ‘इंटरस्टेट’ आवृत्तीवर ती कारखान्यातूनच देण्यास प्रारंभ केला. १९८२ ची ‘ॲस्पेनकेड’ तर संगीतासह सजून आली. वाऱ्यासाठी उभारलेल्या भिंतीला अशा रीतीने आवाजाचे कोनाडे लाभले.

तथापि कारखान्याला किंमत, वजन, पाऊस आणि विजेचा पुरवठा या सर्वांचा जमाखर्च जुळवावा लागतो, आणि वारा मात्र कोणताच हिशेब मानीत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाला हेल्मेटच्या आतील कल्लोळ ९० डेसिबेलच्या पुढे जातो, आणि तो मुख्यतः खर्जाचा असल्यामुळे गाण्यातील खर्जच प्रथम बुडतो. त्यातच फेअरिंगमध्ये स्पीकरच्या पाठीशी बंदिस्त पेटी नसली, तर शंकूच्या पुढचा आणि मागचा ध्वनी परस्परांना खोडून काढतात. ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली तरी पदरात पडतात ते अवघे ३ डेसिबेल. म्हणून जाणकार मनुष्य डब्यावर छापलेल्या वॅटांपेक्षा स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच शक्तीत तो किती आवाज देतो, हे आधी पाहतो, पाण्याने न फुगणारा पॉलिप्रोपिलीनचा शंकू आणि हलके परंतु प्रबळ निओडिमियम चुंबक पसंत करतो, आणि ४ ओहमसाठी घडविलेल्या ॲम्प्लिफायरला २ ओहमचे स्पीकर जोडून तो तापविण्याचे साहस करीत नाही.

कानाची सहनशक्ती मात्र कोणत्याही दुकानात वाढवून मिळत नाही. श्रवणरक्षणाच्या एका प्रचलित अमेरिकी दंडकानुसार ८५ डेसिबेल आठ तास चालतात, आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबेलला ती मुदत निम्मी होते. सबब वाऱ्याच्या वर आवाज चढवीत जाण्यापेक्षा योग्य उंचीची काच बसवून मूळ कल्लोळच उतरविणे, आणि मगच नव्या स्पीकरांवर खर्च करणे, हाच किफायतीचा क्रम होय.