गाठीचा गट आणि मुलाचे भवितव्य

मुलांच्या मेंदूत होणाऱ्या कर्करोगाच्या गाठींत मेड्युलोब्लास्टोमा सर्वांत जास्त आढळतो. तो लहान मेंदूत वाढतो; सकाळी उलट्या, डोकेदुखी, चालताना तोल जाणे ही त्याची लक्षणे. मूल वाचेल का, याचा अंदाज डॉक्टर पूर्वी तीन गोष्टींवरून बांधत: वय तीन वर्षांच्या आत आहे का, शस्त्रक्रियेनंतर दीड चौरस सेंटिमीटरहून जास्त गाठ उरली का, आणि ती मणक्याकडे पसरली का. पण या हिशेबात सारखीच ठरलेली दोन मुले पुढे वेगवेगळ्या वाटांनी जात.

असे का, याचे उत्तर जनुकांत सापडले. 2012 साली तज्ज्ञांनी चार गट मान्य केले: डब्ल्यूएनटी, एसएचएच, गट 3 आणि गट 4. नेहमीच्या उपचारांनंतर डब्ल्यूएनटी गटातली नव्वद टक्क्यांहून जास्त मुले पाच वर्षे पार करतात. गट 3 सर्वांत वाईट.

गट ओळखण्याची एक पद्धत 2013 साली नवी मुंबईत खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रातल्या डॉ. नीलम शिरसाट आणि सहकाऱ्यांनी मांडली. मेणाच्या ब्लॉकमध्ये जपलेल्या गाठीच्या तुकड्यातला आरएनए तुटतो, पण सूक्ष्म-आरएनए मुळातच आखूड असल्याने बराचसा टिकतो. त्याचा त्यांनी उपयोग केला. सातपुड्यातल्या खकनारसारख्या दूरच्या गावाला याचे मोल मोठे. शस्त्रक्रिया इंदूरला होवो की आणखी कुठे, ब्लॉक मुंबईला नेता येतो. ताज्या, गोठवलेल्या तुकड्याची अट असती तर तिथल्या किती कुटुंबांना ती झेपली असती?

इथवर सारे आशादायक. मग टाटा स्मारक केंद्रात पुढचा प्रश्न विचारला गेला. नेहमीच्या उपचारांत मेंदू आणि मणक्याला दिलेल्या किरणांनी मुलाची बुद्धी, उंची आणि संप्रेरके यांवर परिणाम होतो. मग 'चांगल्या' डब्ल्यूएनटी गटातल्या मुलांना फक्त गाठीच्या जागी किरण देऊन भागेल का? डॉ. तेजपाल गुप्ता आणि सहकाऱ्यांनी मोजक्या मुलांवर हे करून पाहिले. काहींत रोग मेंदूच्या इतर भागांत किंवा मणक्यात उलटला आणि चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. 2022 साली त्यांनी हा निष्कर्ष आडपडदा न ठेवता छापला. अपयश इतक्या स्पष्टपणे मांडणे विज्ञानात दुर्मीळच.

म्हणजे नव्वद टक्क्यांचा आकडा एकट्या गाठीचा नव्हता. पूर्ण उपचार मिळालेल्या मुलांचा होता. गटाचे नाव ऐकून किरणोपचार कमी केला किंवा अर्ध्यावर सोडला, तर तो आकडा त्या मुलाला लागू राहत नाही. म्हणून उपचार पूर्ण करा; पुढच्या उपचारांसाठी निघताना आधीच्या रुग्णालयातून ब्लॉक, स्लाइड आणि शस्त्रक्रियेआधीच्या व नंतरच्या एमआरआयच्या सीडी मागून घ्या, आणि अहवालात गट लिहिला आहे का, ते विचारा.