ताप, आकडी आणि विषाणू : चांदीपुरा ते रायपूर

२०२४ च्या पावसाळ्यात ‘चांदीपुरा’ हे नाव अनेक वाचकांनी प्रथमच ऐकले. त्या वर्षी जूनच्या आरंभापासून १५ ऑगस्टपर्यंत भारतात तीव्र मेंदूज्वरासारख्या आजाराचे २४५ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांपैकी ८२ दगावले. ६४ रुग्णांत चांदीपुरा विषाणू सिद्ध झाला. त्यांतले ६१ गुजरातचे होते. हा विषाणू मात्र नवा नाही. त्याचा इतिहास सहा दशकांचा असून त्यातील एक महत्त्वाचे पान आमच्या भिलाईपासून जेमतेम तीस किलोमीटरवर, रायपूर येथे लिहिले गेले.

आधी एक मूलभूत गोष्ट. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत शंभरातील दोन ते पाच जणांना तापात कधी ना कधी आकडी येते. यामागे बहुधा इन्फ्लुएन्झासारखा श्वसनमार्गाचा साधा विषाणू असतो. मेंदूतील असंख्य पेशी एरवी आपापल्या लयीत विद्युत्संकेत देत असतात. तापमान वाढले आणि दाहाशी संबंधित रसायने स्रवली की अपरिपक्व मेंदूतील हा तोल ढळतो, पेशी एकाच वेळी उद्दीपित होतात आणि शरीराला झटके येतात. बहुतेक वेळा ते काही मिनिटांत थांबतात व मागे काहीही उरत नाही. अडचण अशी, की प्राणघातक आजाराचा आरंभही नेमका असाच असू शकतो: ताप, उलटी, झटके. झटका हे लक्षण आहे. कारणाचे नाव त्यावरून कळत नाही.

१९६५ मध्ये नागपूर परिसरात तापाची साथ होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील प्रवीण भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांना चांदीपुरा येथील दोन ज्वरग्रस्त रुग्णांच्या रक्तात एक अनोळखी विषाणू आढळला. १९६७ मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि गावाचे नाव विषाणूला मिळाले. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा हा विषाणू रेबीजच्या कुळातला. पुढे औरंगाबाद येथील वाळूमाश्यांतही तो सापडला. तरीही त्याची ओळख ‘ताप आणणारा एक विषाणू’ एवढीच राहिली. मेंदूशी त्याचा संबंध कोणी जोडला नव्हता.

तो संबंध १९८० मध्ये जुळू लागला. रायपूर तेव्हा मध्य प्रदेशात होते. तेथील तीव्र एन्सेफॅलोपॅथीच्या, म्हणजे मेंदूचे कार्य अचानक कोलमडण्याच्या आजाराच्या एका रुग्णाच्या रक्तातून हाच विषाणू वेगळा करण्यात आला. १९८३ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. येथे ‘रक्तातून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. रक्तात विषाणू सापडला म्हणजे त्यानेच मेंदूला इजा केली, असे सिद्ध होत नाही. तो त्या वेळी योगायोगानेही शरीरात असू शकतो. पुरावा एका रुग्णाचा होता आणि पुढील दोन दशके त्याकडे फारसे लक्ष गेले नाही.

२००३ च्या जून ते ऑगस्टमध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांपैकी १८३ मरण पावली. अनेक मुले लक्षणे दिसू लागल्यावर एक-दोन दिवसांतच गेली. तोवर राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था असे नाव धारण केलेल्या पुण्याच्या त्याच संस्थेने नमुने तपासले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गोळीच्या आकाराचे कण दिसले आणि एका मृत बालकाच्या मेंदूच्या ऊतीत विषाणूचे अंश आढळले. रायपूरच्या निरीक्षणात राहिलेला दुवा आता हाती आला.

वाद मात्र तेवढ्याने मिटला नाही. हैदराबादच्या काही बालरोगतज्ज्ञांनी या आजाराला मेंदूदाह न मानता मेंदूच्या रक्तवाहिन्यांवरील आघात म्हटले. विषाणूच्या भूमिकेविषयीही प्रश्न उपस्थित झाले. हा शब्दांचा खेळ नव्हता. विषाणू पेशी मारतो, रक्तप्रवाह अडतो की शरीराचा प्रतिकारच अनावर होतो, यावर उपचारांची दिशा ठरते. २००७ मध्ये नागपूर विभागातच मुलांमध्ये या विषाणूची साथ आली, तेव्हाही त्यावर विशिष्ट औषध वा लस नव्हती. आजही नाही.

श्वसनमार्गाच्या विषाणूंबाबत हाच प्रश्न जपानमध्ये उभा राहिला. १९९८-९९ च्या हिवाळ्यात तेथे इन्फ्लुएन्झाबरोबर मेंदूविकार झालेले १४८ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतील सुमारे एक तृतीयांश दगावले. बहुतेक रुग्ण पाच वर्षांपर्यंतची मुले होती. अशा रुग्णांच्या पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात विषाणू क्वचितच सापडतो. म्हणजे फुप्फुसांच्या वाटेने आलेला विषाणू मेंदूत न शिरताही, प्रतिकारशक्तीच्या उद्रेकातून मेंदूचे नुकसान घडू शकते. चांदीपुरा श्वसनमार्गाचा विषाणू नाही, पण त्याच्याही बाबतीत केवळ ‘विषाणू सापडला’ एवढ्याने शोध संपत नाही.

या इतिहासातून दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. पहिली विद्यार्थ्यांसाठी: रायपूरच्या रुग्णाचे रक्त प्रयोगशाळेपर्यंत पोहोचले नसते, तर २००३ मध्ये या विषाणूचा मेंदूविकाराशी पूर्वी आलेला एकही संबंध नोंदीत नसता. जिल्हा रुग्णालयात वेळेवर घेतलेला आणि नीट जपलेला नमुना हे विज्ञानच आहे. दुसरी सर्वांसाठी: मुलाला आकडी आल्यास त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकला, पुन्हा आला किंवा मूल शुद्धीवर येईना, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. अशा आजारात काही तासांचेही मोल फार मोठे असते.