बांधावरून वाचायचा कायदा

रावेर-यावलच्या पट्ट्यात ऐन वैशाखात डीपी जळाली की केळीची बाग पाण्यावाचून माना टाकू लागते. शेतकरी मोटारसायकल काढून कार्यालयात जातो, वर्गणीची बोलणी होतात, दिवस मोजले जातात. ग्रामीण भागातले जळालेले रोहित्र 48 तासांत बदलावे, न बदलल्यास ग्राहकाला भरपाई द्यावी, असे 2005 च्या कृती मानकांतच लिहिले गेले होते, हे त्या गर्दीत फार थोड्यांना ठाऊक असते. ती मानके लिहिणारी संस्था म्हणजे महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. तिच्या कामाची ओळख खान्देशातल्या वाचकाला त्याच्याच बांधावरून व्हावी, म्हणून हे पुस्तक.

5 ऑगस्ट 1999 रोजी आयोग स्थापन झाला. पी. सुब्रह्मण्यम अध्यक्ष, व्यंकट चारी आणि जयंत देव सदस्य. तोवर विजेचा दर ठरे तो मंत्रालय आणि वीज मंडळ यांच्यात. आता मंडळाला आपला हिशेब लोकांसमोर मांडावा लागला, कोणाही ग्राहकाला हरकत घेता येऊ लागली आणि निर्णयामागची कारणे लेखी देणे आयोगावर बंधनकारक झाले. 2003 च्या वीज कायद्याने ही चौकट पक्की केली. सदस्याची मुदत पाच वर्षांची, वयाची मर्यादा 65. त्याच पदावर फेरनियुक्ती नाही, म्हणजे पुढच्या नेमणुकीसाठी कोणाची मर्जी राखायचे कारण नाही.

आयोगाचा पहिला मोठा प्रश्न अगदी साधा होता: वीज मोजली कशी? शेतीपंपांना मीटर नव्हते, बिल अश्वशक्तीवर निघे. त्यामुळे कुठेही मुरलेली वीज शेतकऱ्याच्या खात्यावर टाकणे सोपे होते. 18 टक्क्यांच्या आसपास सांगितली जाणारी गळती 2000 सालच्या पहिल्या दरसुनावणीत 30 टक्क्यांच्या वर निघाली. पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांनी तेव्हा आकडे तपासण्याचे जे काम केले, त्यातूनच महाराष्ट्रात या विषयाच्या अभ्यासाची परंपरा उभी राहिली.

आयोगाच्या आदेशाने भूगोलही बदलतो. नोव्हेंबर 2003 मध्ये पवनऊर्जेला पहिल्या वर्षी युनिटमागे 3.50 रुपये आणि पुढे दरवर्षी 15 पैसे वाढ असा दर ठरला. गुंतवणूकदाराला तेरा वर्षांची खात्री मिळाली, आणि साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उभी राहिली. नवीकरणीय ऊर्जेचा हा धागा देशपातळीवरही पोचला: पुढे राज्य आयोगाचे अध्यक्ष झालेले डॉ. प्रमोद देव 2008 मध्ये केंद्रीय विद्युत नियामक आयोगाच्या अध्यक्षपदी गेले. त्यांच्या काळात, 2010 मध्ये, नवीकरणीय ऊर्जा प्रमाणपत्रांची पद्धत देशभर आली.

पण नियामकाची कसोटी लागते ती दोन रास्त मागण्या समोरासमोर येतात तेव्हा. टंचाईच्या वर्षांत भारनियमन त्या त्या भागातल्या गळती-वसुलीशी जोडले गेले. गळती रोखायला तो उपाय होता. पण आकडे टाकणाऱ्या शेजाऱ्यामुळे नियमाने बिल भरणाराही अंधारात बसला. भुसावळजवळ दीपनगरला वीज तयार होते, तरी तालुक्यातल्या पंपाला ती रात्री बेरात्री मिळते, ही खंतही खरी. स्वस्त विजेच्या मागणीचेही तसेच: सरकारने सवलत जाहीर केली तर तिची रक्कम आगाऊ भरावी, असे कायद्याचे कलम 65 सांगते. नियामकाचे अग्रक्रम अशाच ठिकाणी उघडे पडतात. माझ्या मते त्यातला पहिला एकच: आधी मोजा, मग कारण सांगा, तेही सर्वांसमोर.

हे क्षेत्र वकील आणि अभियंत्यांपुरते नाही. जळगावात ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. त्याच्या निर्णयाने समाधान झाले नाही तर विद्युत लोकपाल आहेत. महावितरणच्या दरप्रस्तावावर सुनावणी होते, तेव्हा जळगाव-धुळ्याचा माणूस नाशिकला जाऊन बोलू शकतो, लेखी हरकत घरबसल्या पाठवू शकतो.

म्हणून पहिले प्रकरण उघडण्याआधी घरातले विजेचे बिल शेजारी ठेवा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार यांच्यामागे आयोगाचा आदेश आहे; वीज शुल्क मात्र राज्य सरकारचा कर आहे. प्रत्येक ओळीला विचारा: हे कोणी ठरवले, कशावरून ठरवले? उत्तर कुठे शोधायचे ते पुढची पाने सांगतील. प्रश्न विचारणारे खान्देशात वाढले, तर या पुस्तकाचे काम झाले.